पत्रा, रंग आणि खंडेनवमी

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रांचे व उपकरणांचे पूजन करण्याची आपली परंपरा जुनी आहे. ज्याच्या घरी तलवार होती त्याने तलवार पूजिली, ज्याच्या घरी नांगर होता त्याने नांगर पूजिला. सुताराने वाकस, लोहाराने ऐरण, विद्यार्थ्याने पाटीवर रेखिलेली सरस्वती. ज्या साधनावर उदरनिर्वाह चालतो त्यास वर्षातून एक दिवस विश्रांती द्यावी, धुवावे, पुसावे, हळदकुंकू वाहावे आणि त्याच्यापुढे नम्र व्हावे, एवढाच या विधीचा सरळ अर्थ आहे. कालांतराने या पूजेत घरचे वाहनही येऊन बसले. आज खंडेनवमी व विजयादशमी या दोन दिवशी झेंडूची माळ ल्यालेली दुचाकी वा मोटार ज्या गल्लीत दिसत नाही, अशी गल्ली महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

या पानावर दरवर्षी घटस्थापनेविषयी, देवीच्या पीठांविषयी, शमी व आपटा यांच्या महात्म्याविषयी लिहिले जाते, आणि ते योग्यच होय. यंदा मात्र, ज्याच्या हातून निघालेले वाहन आपण पाटावरील देवाइतक्याच भक्तिभावाने पूजितो, त्या कारागिराकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटले. त्यास पेठेत कोणी ‘डेंटर’ म्हणते, कोणी ‘पेंटर’, आणि दोघांस मिळून नुसते ‘मिस्त्री’. मुंबईत कुर्ल्याच्या रस्त्यांवर, कोल्हापुरात उद्यमनगरच्या परिसरात, तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आपणांस भेटतो. नवरात्र हा त्याच्या वर्षातला सर्वांत धावपळीचा काळ.

त्याचे कारणही आपल्या पंचांगातच आहे. पितृपंधरवड्यात सहसा कोणी वाहन घरी आणीत नाही, दुरुस्तीचे मोठे कामही काढीत नाही. घट बसले, की त्याच दुपारपासून गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक मालकाचे मागणे एकच असते : “मिस्त्री, दसऱ्याला सकाळी गाडी दारात पाहिजे.” नऊ दिवसांत पंधरा दिवसांचे काम. त्यातून काय काय निष्पन्न होते, याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. प्रथम काम कसे चालते ते पाहू.

स्वयंपाकघरातील पातेले पडले तर त्यास पोचा पडतो. गाडीच्या पत्र्यालाही पोचाच पडतो. फरक इतकाच, की पातेल्याचा पोचा आतून एक टोला मारला की बहुधा निघतो आणि गाडीचा निघत नाही. कारण आघाताने पत्रा नुसता वाकत नाही, तो ताणला जातो. ताणला म्हणजे पातळ होतो व त्याचे क्षेत्र वाढते. ते वाढलेले क्षेत्र मूळच्या जागेत मावणार कसे? म्हणून अनाडी माणूस आतून जितके ठोकील तितका पत्रा फुगतो आणि दाबला असता डब्याच्या झाकणासारखा ‘टक्‌’ असा आवाज करतो. जाणता मिस्त्री एका हातात घोटीव लोखंडी ठोकळा, ज्यास कारखान्यात ‘डॉली’ म्हणतात, पत्र्याच्या आतील बाजूस धरतो व बाहेरून हलक्या हाताने हातोडी चालवितो. ज्या क्रमाने आघात झाला त्याच्या उलट क्रमाने तो पोचा उलगडीत येतो : शेवटी पडलेली सुरकुती आधी, मुख्य घाव सर्वांत शेवटी. ताणलेला भाग आवळावयाचा असेल, तर गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल होईपर्यंत तापवावयाचा, भोवतीचा थंड पत्रा त्यास पसरू देत नाही म्हणून तो तेथेच दबतो, आणि मग ओल्या फडक्याने एकदम निववावयाचा, म्हणजे तो आकसतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्या कारागिरांचा हात ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही लय परिचित वाटेल. धातू वेगळा, गिऱ्हाईक वेगळे. पण टोल्याच्या नादावरून धातूची अवस्था ओळखणे दोहोंकडे सारखेच.

काम झाले की नाही हे मिस्त्री डोळ्यांनी ठरवीत नाही. तो तळहात सपाट ठेवून, पुष्कळदा मध्ये पातळ फडके घेऊन, पत्र्यावरून लांबवर फिरवितो. डोळ्यांस न दिसणारा चढउतार हातास लागतो. कित्येक जुने कारागीर या वेळी डोळे मिटून घेतात. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आज मोटारीच्या सांगाड्याची दुरुस्ती व रंगकाम यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम शिकविले जातात आणि ही स्वागतार्ह गोष्ट आहे; परंतु तळहाताची ही परीक्षा अद्यापिही उस्तादाशेजारी उभे राहून चारदोन वर्षे पॉलिश पेपर घासल्यावाचून साधत नाही.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. नव्या मोटारींचे दरवाजांमधील खांब व आघात सोसणाऱ्या पट्ट्या विशेष बळकट पोलादाच्या असतात. हे पोलाद कारखान्यात नियंत्रित उष्णतेने व शीतनाने घडविलेले असते. त्यास गॅसची ज्योत लावली की त्याचे बळ जाते. वरून काही दिसत नाही. पुन्हा अपघात झाला म्हणजेच ते कळते. बाहेरच्या पत्र्यास जी विद्या तारक, तीच आतल्या खांबास मारक ठरते, आणि हा भेद जाणणाऱ्या मिस्त्रीकडेच गाडी न्यावी.

पत्रा सरळ झाला की रंगाचा प्रांत सुरू होतो. येथे आम्हांस पुराणातील एका कथेची आठवण होते. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा हिचा विवाह सूर्याशी झाला. पण पतीचे तेज तिला सोसवेना. तेव्हा विश्वकर्म्याने सूर्यास आपल्या चरकावर धरून त्याचे तेज तासले, आणि त्या तासलेल्या तेजातून विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी आयुधे घडविली. रंगाऱ्याच्या शाळेतील पहिला पाठ हाच आहे. झळकणाऱ्या पृष्ठावर रंग धरत नाही. आधी ते तेज घासून मंद करावे लागते, तेव्हा कोठे नवा थर त्यास घट्ट बिलगतो. ऐंशी नंबरच्या खरखरीत कागदापासून आठशे-हजार नंबरच्या पाणी पेपरापर्यंत हे घासणे चालते. मध्ये लांबी भरली जाते, मग प्रायमर, मग त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा. हा काळा फवारा शोभेचा नव्हे. त्यावर ठोकळ्याने कागद फिरविला, की उंच जागेवरचा काळा रंग निघून जातो आणि खोल जागी तो राहतो. पत्रा आपले दोष आपणच सांगतो.

रंग फवारण्याच्या या यंत्राचा जन्म मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील ओहायो प्रांतात टोलेडो या गावी डॉ. ॲलन डीव्हिलबिस नावाचे वैद्य होते. रोग्यांच्या घशात औषध सूक्ष्म तुषारांच्या रूपाने पोहोचावे म्हणून त्यांनी एक फवारणी तयार केली व १८८८ मध्ये तिचा कारखाना काढला. पुढे १९०७ मध्ये त्यांचे पुत्र थॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंग उडविणारी बंदूक सिद्ध केली. घसा बरा करण्यासाठी निघालेले साधन रंगाऱ्याच्या घशाशी कसे आले, हे पुढे दिसेलच.

तोवर मोटारी कुंचल्याने रंगविल्या जात आणि तेलाचे व्हार्निश वाळण्यास कित्येक आठवडे लागत. फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्याच रंगात मिळे. १९२३ मध्ये ‘ड्युको’ हा रंग आला. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्यातून हे लॅकर बनविले जाई. ते तासाभरात वाळे आणि हव्या त्या रंगछटेत मिळे. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. आपल्याकडे तर हे नाव इतके रुजले, की लाकडी कपाटास चकचकीत रंग द्यावयाचा झाला तरी लोक आजही ‘ड्युको करा’ असेच म्हणतात.

महाराष्ट्रात या विद्येचा मोठा आश्रयदाता म्हणजे आपली एस. टी. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत मोकळ्या सांगाड्यावर गाडीचा संपूर्ण देह चढविण्याचे काम चालू लागले. पंढरीच्या वाटेवर आषाढीस धावणाऱ्या, तुळजापूरला नवरात्रात भाविकांस नेणाऱ्या त्या तांबड्या गाड्या अशाच पत्रा ठोकणाऱ्या व रंग उडविणाऱ्या हातांनी उभ्या केल्या. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्रींस रोजगार पुरविला. ती ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिचा जाड पत्रा कितीही वेळा ठोकून सरळ होई, असे म्हणतात. आताच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचा असतो, तो ठोकावयाचा नसतोच. बहुधा बदलावयाचा असतो.

आता दसऱ्याच्या घाईकडे वळू. आश्विनात पाऊस नुकताच ओसरत असतो, कोकणात व मुंबईत तर हवेत ओल पुष्कळ असते. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडून जाते, तेव्हा पृष्ठभाग एकदम गार पडतो आणि गार लोट्याच्या बाहेर जसे दव धरते तसे हवेतील बाष्प ओल्या रंगावर धरते. मग रंगावर दुधाळ पांढरट छाया येते. तीच ओल कॉम्प्रेसरच्या नळीतून आली तर बारीक फोड उठतात. हात न पुसता पत्र्यास बोट लागले, तर तेथील तेलकटपणाने रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. बंदूक पत्र्यापासून साधारण वीतभर अंतरावर, काटकोनात, सारख्या वेगाने चालावी लागते आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यावा लागतो. जवळ गेली की रंग ओघळतो, दूर गेली की संत्र्याच्या सालीसारखी रवाळी येते. या सर्वांवर उपाय एकच आहे आणि तो बाजारात मिळत नाही : वेळ. एक थर वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. नवमीच्या रात्री दोन वाजता, दशमीचा मुहूर्त डोळ्यांपुढे ठेवून, नेमके हेच पथ्य मोडले जाते.

घाईपेक्षाही वाईट असा एक दोष आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. लांबी ही पत्र्यावरील शेवटची किरकोळ उणीव भरण्यासाठी असते. दोन-तीन मिलिमीटरांहून जाड थर घालू नये, असा दंडक आहे. परंतु ठोकण्याचे कष्ट टाळून, कधी कुजलेल्या पत्र्याच्या भोकावर जाळी लावून, अंगठ्याएवढा जाड लेप चढविला जातो व वरून रंग झळकतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर जुनी गाडी विकत घेणारे कुटुंब त्या झळाळीस भुलते. मागील अपघात त्या लेपाखाली झाकलेला असतो, आणि त्या गाडीत लेकरेबाळे बसावयाची असतात. असे काम करणाऱ्याने खंडेनवमीस हातोडीस कुंकू लावावे तरी कोणत्या हाताने? वाचकांस एक साधी परीक्षा सांगतो. लहानसा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून गाडीवर फिरवावा. पोलादी पत्र्यावर तो ओढ घेतो. जेथे ओढ एकाएकी मंदावते, तेथे खाली लांबीचा जाड थर असण्याचा संभव असतो. प्लास्टिक व ॲल्युमिनियमच्या भागांस ही परीक्षा लागू नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख विशेषेकरून लिहावयास घेतला, तिच्याकडे येतो.

जुना ड्युको मागे पडून आता बहुतेक गॅरेजांत दोन डब्यांचा रंग वापरतात. एका डब्यात रंग वा चकाकीचा थर, दुसऱ्यात ‘हार्डनर’. दोन्ही मिसळले की त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते व काचेसारखा कठीण, ऊनपावसास न डगमगणारा थर बनतो. ही किमया ज्या द्रव्याची, त्याचे कूळ आयसोसायनेट. भोपाळ येथे डिसेंबर १९८४ मध्ये ज्या वायूने हाहाकार केला, तो याच कुळातील निराळा व कितीतरी अधिक उग्र सदस्य. रंगातील आयसोसायनेट डब्यात असताना सहसा हवेत मिसळत नाही. पण बंदुकीतून त्याचे धुके झाले, की ते श्वासावाटे थेट फुप्फुसात उतरते. पूर्वीच्या धाटणीच्या बंदुकीने उडविलेल्या रंगापैकी निम्म्याहून अधिक पत्र्यावर बसतच नाही, हवेत राहतो. ती हवा कोणाच्या नाकात जाते, हे सांगावयास नको.

याचा परिणाम दम्याच्या रूपाने होतो. आरंभी रात्री खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, सुटीच्या दिवशी बरे वाटते. घरची मंडळी हवा बदलली असे समजून काढा देतात. एकदा शरीराने या द्रव्याशी वैर धरले, की पुढे त्याचा अत्यल्प अंशही झटका आणण्यास पुरेसा होतो. अशा माणसास मग तो धंदाच सोडावा लागतो. ज्या विद्येत वीस वर्षे गेली ती विद्या त्याला पारखी होते.

बहुतेक ठिकाणी संरक्षण म्हणून नाकावर हातरुमाल बांधलेला दिसतो. त्याने रंगाचे थेंब अडतील, वाफ अडणार नाही. धुळीचा साधा मुखपट्टाही येथे कामाचा नाही. कोळशाच्या गाळणीचा मुखवटा काही अंशी उपयोगी पडतो. पण आयसोसायनेटला ओळखता येईल असा वास नसल्याने गाळणी संपली तरी माणसास पत्ता लागत नाही. खरा उपाय म्हणजे नळीने स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा, आणि दूषित हवा ओढून बाहेर टाकणारी बंद रंगखोली. रंग कसा बसला हे पाहण्यासाठी फवारणी थांबताच मुखवटा वर करण्याची सवयही घातक, कारण डोळ्यांस न दिसणारे धुके काही मिनिटे खोलीत तरंगतच असते. शेजारी कागद घासणारा पोरगा तर मुखवट्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

घासण्याच्या धुळीचीही गोष्ट अशीच. जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिसे व क्रोमियम यांची संयुगे वापरली जात. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत नव्वद भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला. पण त्याच्या नावातच ‘घरगुती व शोभेचे’ असे शब्द आहेत, आणि रस्त्यावरची जुनी वाहने तर त्या आधीच रंगविलेली. असा रंग कोरडा न घासता पाणी लावून घासला तर धूळ उडत नाही. पाणी पेपर नावाप्रमाणे पाण्यातच वापरावा, एवढे पाळले तरी पुष्कळ होईल.

नवमीच्या संध्याकाळी गॅरेजात शिरलो, तर कॉम्प्रेसर धुतलेला दिसतो, त्याच्या टाकीवर स्वस्तिक काढलेले असते. हातोड्या, ठोकळे, पाने ओळीने मांडलेले असतात. रंगाची बंदूक थिनरने स्वच्छ करून तिच्या मुठीस झेंडूचे फूल बांधलेले असते. मालक नारळ फोडतो, पोरांस पेढे व नवे कपडे देतो. ही श्रद्धा आम्हांस मनापासून प्रिय आहे. त्या ताटात या वर्षी नळीच्या हवेचा एक मुखवटाही ठेवावा आणि दशमीनंतर काम सुरू होईल तेव्हा तो खुंटीला न राहता नाकावर राहावा, एवढी विनंती आम्ही गॅरेजमालकांस करतो. गिऱ्हाइकांसही एक मागणे आहे. बिलात मुखवट्याचे व रंगखोलीचे चार पैसे अधिक लागले तर घासाघीस करू नये. दारात मुहूर्तावर गाडी उभी करणेच असेल, तर ती मिस्त्रीकडे भाद्रपदाच्या आरंभी, गणपतीपूर्वीच द्यावी. नाहीतर दसऱ्याला आहे तशीच धुऊन पूजावी आणि रंगाचे काम कार्तिकात, कोरड्या हवेत करवून घ्यावे. पोचा पडलेल्या गाडीची पूजा देवास चालत नाही, असे कोणत्याही शास्त्रात आमच्या वाचनात आलेले नाही.

ज्यांची गाडी नुकतीच रंगून आली आहे त्यांच्यासाठी पूजेविषयी दोन शब्द. नवा रंग हातास वाळल्यासारखा लागला, तरी आतून पुरता मुरण्यास कित्येक दिवस जातात. रंगखोलीत साधारण साठ अंश उष्णतेवर भाजून काढला असेल तर कमी, उघड्या शेडमध्ये वाळविला असेल तर अधिक. तोवर ओले हळदकुंकू थेट बॉनेटवर लावू नये. बाजारच्या कुंकवात बहुधा कृत्रिम रंग असतो आणि तो ताज्या थरात उतरून डाग धरतो. स्वस्तिक पुढच्या काचेवर काढावे, अथवा विड्याच्या पानावर काढून ते पान ठेवावे. माळ चिकटपट्टीने लावू नये, पट्टी काढताना रंग सोलून येतो. ती सुतळीने आरशास वा जाळीस बांधावी. कापराची आरती दुरून ओवाळावी. नारळ गाडीपुढे जमिनीवर फोडावा, बंपरवर नव्हे, आणि त्याचे पाणी पत्र्यावर उडाले तर ओल्या मऊ फडक्याने लगेच टिपून घ्यावे. पहिला महिनाभर मेण वा पॉलिश लावू नये. आपट्याची पाने मात्र कोठेही ठेवावीत. आणि त्यांतील दोन पाने घेऊन संध्याकाळी सोने द्यावयास निघाल तेव्हा वाटेतल्या गॅरेजापाशी क्षणभर थांबावे. मिस्त्री त्या दिवशी हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून दारातच बसलेले असतात.